प्लॅन बरोबर होता

अविनाश मोहित्यांचा प्लॅन आयुष्यात कधी चुकला नाही. चुकायची ती माणसं. हायवेवर एक्झिट हुकली तर मागे बसलेल्यांनी बोर्ड वाचला नाही म्हणून, घरी रस्सा खारट झाला तर बायकोचं लक्ष नव्हतं म्हणून, आणि मॅच हरली तर पोरांनी नीट 'एक्झिक्यूट' केलं नाही म्हणून. "प्लॅन बरोबर होता," असं म्हणून त्यांनी ओठ मिटले की विषय खलास. त्यावर कुणी काही बोललं तर ते ऐकू आलंच नाही असा चेहरा करायचे.

शारजात, अल मजाजला, ते आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहायचे. नोकरी दुबईच्या पार पलीकडच्या टोकाला, जबल अलीत, एका गोडाऊनवाल्या कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर. चांगली नोकरी, चांगला हुद्दा. पण कुणी "आपण काय करता?" असं विचारलं की नोकरीचं नाव काढायचे नाहीत. डोळ्यांवरचा गॉगल कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "आय कोच." समोरचा बिचारा विचारायचा, क्रिकेट का? हे कीव केल्यासारखे हसायचे. फुटबॉल का? यावर अर्धीच मान हलवायचे. मग दोन्ही हातांनी न सोललेल्या नारळाएवढा आकार हवेत दाखवून सांगायचे, अमेरिकन फुटबॉल. समोरचा गप्प. कारण त्या खेळाबद्दल आपल्या माणसाला विचारण्यासारखं काही सुचतच नाही. त्या गप्प बसण्याला मोहिते आदर समजायचे.

गळ्यात शिट्टी कायम. लिफ्टमध्ये शिट्टी, दुधाची पिशवी आणायला खाली उतरले तरी शिट्टी. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, तर आरतीलाही शिट्टी गळ्यात आणि तोंडात च्युइंगगम. 'सुखकर्ता'ला टाळ्या वाजवतायत आणि जबडा चाललाय. माझ्या सासूबाई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, हे गृहस्थ ट्रॅफिक पोलिसात आहेत का गं? मी हो म्हटलं. खरं सांगत बसायला वेळ कुणाला होता.

सगळे त्यांना 'कोच' म्हणायचे, कारण त्यांनी तशी सक्तीच केली होती. काका म्हणणाऱ्या बिल्डिंगमधल्या पोरांना ते थांबवून दुरुस्त करायचे. मी मात्र शेवटपर्यंत मोहितेच म्हटलं. मी पुण्याची आहे, आम्हाला अशी सक्ती चालत नाही.

आता माझा त्यांच्याशी रोजचा संबंध कसा आला ते सांगते. मीही जबल अलीतच अकाउंट्सला आहे आणि माझा नवरा सचिनही तिथंच, कस्टम्स क्लिअरिंगमध्ये. शारजाहून रोज सकाळी जबल अली म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. त्यामुळे आम्ही तिघं एका गाडीने जायचो. गाडी मोहित्यांची, कारण दुसऱ्याने चालवलेली त्यांना चालायची नाही. पुढच्या सीटवर सचिन, मागे मी, आणि माझ्या शेजारी कोपर लागेल असा त्यांचा प्लास्टिकचा फळा. त्यावर फुल्या, गोळे आणि बाण. तो फळा म्हणजे त्यांचं देवघर होतं. त्यावर एकदा चुकून माझ्या डब्यातलं लोणच्याचं तेल सांडलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो आठवडा बरा गेला.

ट्रॅफिक हीसुद्धा त्यांच्या दृष्टीने मॅचच. लेन बदलायची तर आधी जाहीर करायचे. मग शेजारच्या ट्रकवाल्याने जागा दिली नाही की त्याला खेळाची समज नाही. एकदा म्हणाले, आज आपण आतल्या रस्त्याने जाऊ, मी काल रात्री पूर्ण स्टडी केलाय. त्या आतल्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं. माझी ऑडिटरबरोबरची मीटिंग बुडाली, सचिनच्या कंटेनरचे पेपर अडकले, आणि आम्ही एका सिमेंटच्या मिक्सरमागे बसलो असताना हा माणूस शांतपणे सांगतोय, प्लॅन बरोबर होता, पण रस्त्याने साथ दिली नाही. रस्त्याने! मी पाय आपटले, पण गाडी त्यांची होती.

अशीच गत आमच्या पिकनिकची. संक्रांतीच्या सुमारास आम्ही मराठी कुटुंबं अल ममझर पार्कात जमतो. एरवी बायका फोनवर ठरवतात, तू पुऱ्या आण, मी बटाट्याची भाजी आणते, संपलं. त्या वर्षी मोहित्यांनी ते हातात घेतलं. सगळ्यांना बोलावून फळ्यावर आखणी करून दिली. कोण कुठल्या गेटने आत शिरणार, कुणी चटई टाकायची, कुणी पाठोपाठ काय मांडायचं. फुल्या म्हणजे बायका, गोळे म्हणजे नवरे. प्रत्यक्षात पार्कात पोचलो तेव्हा आमच्याकडे चार प्रकारच्या चटण्या, तीन घरचे तिळाचे लाडू आणि प्रचंड मोठी कोशिंबीर होती. पुरी नाही, पोळी नाही, भात नाही. लहान मुलं रडायला लागली. सचिन आणि आणखी दोघं जवळच्या बेकरीतून खबूस, म्हणजे इथली रोटी, घेऊन आले आणि आम्ही ते चटणीबरोबर खाल्लं. मोहिते झाडाखाली फळा घेऊन बसले होते. काय म्हणत होते ते सांगायला नकोच.

त्यांची कोचिंगची कारकीर्द कुठून सुरू झाली, याच्या दोन हकिगती आहेत. एक त्यांची आणि एक त्यांच्या बायकोची, वसुधावहिनींची.

त्यांची अशी, की कंपनीच्या कामावर टेक्सासला चार वर्षं असताना तिथल्या एका हायस्कूलच्या टीमने त्यांची खेळाची नजर ओळखली आणि त्यांना असिस्टंट कोच म्हणून घेतलं. "टेक्सासमध्ये फुटबॉल इज रिलिजन," हे वाक्य सांगताना आवाज खाली यायचा, देवळात शिरल्यासारखा. वहिनींची हकिगत मी त्यांच्याच स्वयंपाकघरात ऐकली, मटकी निवडता निवडता. वहिनी बोलायच्या कमी, पण बोलल्या की थेट. म्हणाल्या, "अगं, हे पाणी द्यायचे पोरांना. बाटल्या भरायचे, चेंडूत हवा मारायचे. शनिवारी सगळ्यात आधी जायचे आणि सगळ्यात शेवटी यायचे. पण मनापासून करायचे हो."

मी हसून हसून मटकी सांडली. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

दुबईत आल्यावर इथल्या हौशी लीगमध्ये ते एकामागून एक टीममध्ये शिरले, आणि प्रत्येक ठिकाणी असिस्टंटच. असिस्टंटचे असिस्टंट. तो शब्द त्यांच्या मागे चिकटलेल्या च्युइंगगमसारखा होता, खरवडून निघेना. शेवटी त्यांनी स्वतःचीच टीम काढली, लगून लेपर्ड्स. दोन लेबनीज भाऊ, काही मल्याळी, एक अवाढव्य इजिप्शियन, फिलिपिनो पोरं, आणि आमचा सचिन. सकाळी पळायला खाली उतरलेल्या सचिनला त्यांनी बिल्डिंगसमोरच्या लगूनच्या, म्हणजे खाडीच्या, काठी पकडलं होतं. सचिन कोल्हापूरचा. युनिव्हर्सिटीकडून कबड्डी खेळलेला, चढाईला पहिला. तो पळतो कसा, वळतो कसा, हे मोहित्यांनी एकदा बघितलं आणि त्याला सोडलंच नाही.

पण कबड्डीचं नाव काढलं की ते नाक मुरडायचे. मातीतला खेळ म्हणायचे. ब्रूट फोर्स, नो प्लेबुक. सचिनने पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगितलं की मी कबड्डी खेळायचो, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सॅच, अनलर्न इट." त्यानंतर तो मंत्रच झाला. सचिनने खांदा पाडून कुणाला चुकवलं की, अनलर्न. कुणाला पायात पकडलं की, अनलर्न. मैदानावर मराठीला बंदी. तिथं सचिन हा सॅच होता आणि मोहिते हे कोच अ‍ॅव्ही. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पुन्हा मराठी चालू.

खेळ मला अजूनही धड कळत नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ त्या गाडीत बसून एवढं डोक्यात शिरलं, की मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक रेषा असते. समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की गुण. चेंडू हातात असताना गुडघा टेकला की खेळ तिथंच थांबतो. आणि चेंडू घेऊन आपल्याच रेषेच्या मागे गेलात नि तिथं पकडले गेलात, तर समोरच्यांना दोन गुण फुकट. या शेवटच्या नियमाची तर मोहित्यांनी शाळाच घेतली होती. सिग्नलला गाडी थांबली की प्रश्न सुरू. आपल्या रेषेजवळ चेंडू हातात आला तर काय करायचं? सचिन म्हणायचा, गुडघा टेकायचा. मागे जायचं का? नाही जायचं. मागे कोण जातं? यावर सचिनने "गाढव" म्हणायचं असायचं. पुढे पुढे मागच्या सीटवरून मीच म्हणायला लागले, म्हणजे लवकर संपायचं.

त्या वर्षी लेपर्ड्स जिंकत सुटले. याचं श्रेय सगळे सचिनला द्यायचे, मोहिते फळ्याला द्यायचे. आणि नेमकं तेव्हाच दुबईतल्या एका बड्या अमेरिकन शाळेत या खेळाचा नवा प्रोग्रॅम सुरू व्हायचा होता. त्यांना हेड कोच हवा होता. पूर्णवेळ, पगारी. शाळेचा डायरेक्टर डग म्हणून होता, लालबुंद मानेचा, बोलायला गोड. त्याने मोहित्यांना सांगितलं, फायनल बघायला येतो, मग बोलू.

झालं. मोहिते जमिनीवरून चालायचे थांबले. गाडीत ट्रॅफिकचं नाव नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, नुसतं हेड, हेड. व्हिजिटिंग कार्डवर काय छापायचं, कॅपवर काय लिहून घ्यायचं. नोकरीचा राजीनामा टाइप करून मोबाइलमध्ये ठेवला होता, तारीख तेवढी टाकायची बाकी. मी म्हटलं, मोहिते, पगार कमी होईल ना? तर आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "मीनल, आयुष्यभर मी कुणाचा तरी असिस्टंट आहे. गावात मोहिते मास्तरांचा पोरगा, तिकडे वॉटर... तिकडे असिस्टंट, इथं असिस्टंट. एकदा हेड व्हायचंय." 'वॉटर' शब्द त्यांनी गिळला, पण मला ऐकू आला. त्या माणसाला मला टोचायचं असायचं, पण अशा वेळी सुचत नाही.

मोहिते मास्तर कोण, ते वहिनींनी मग सांगितलं. त्यांचे सासरे. कऱ्हाडकडच्या गावात शाळेत पीटीचे मास्तर, आणि तालुक्यात कबड्डी म्हटलं की मोहिते मास्तर. त्यांचा अविनाश हा त्यांचा सगळ्यात चांगला चढाईपटू. होय, आमचे कोच अ‍ॅव्ही! जिल्ह्यापर्यंत खेळलेले. मास्तर रेषेवर उभे राहून ओरडायचे आणि पोरगा आत घुसून दोघांना शिवून यायचा. पुढे बारावीला मार्क कमी पडले, मास्तरांनी सगळ्यांसमोर कानफटात दिली, आणि पोराने मातीचं नावच टाकलं. "पण झोपेत अजून पाय झाडतात," वहिनी म्हणाल्या. "आणि ओरडतात. माघारी ये, माघारी ये. मामंजी अस्संच ओरडायचे."

मला ते ऐकून गंमतच वाटली. म्हटलं, अनलर्न म्हणावं त्यांना.

फायनल दुबईत होती, हिवाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी. समोर तिथल्या अमेरिकन लोकांची टीम. दांडगे, दाढीवाले, बायका-पोरांसकट आलेले, बार्बेक्यूचा धूर. आमच्या बाजूला मी, माझी लेक इरा, वहिनी आणि मल्याळी बायकांचा एक घोळका. डग अगदी मधोमध, मैदानाला खेटून उभा. माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या मोहित्यांनी नवी कॅप घातली होती. पुढे काही लिहिलेलं नव्हतं, जागा मात्र मोकळी ठेवली होती. वहिनींनी ती बघून नुसते डोळे मिटले.

मॅच कशी झाली ते मी सांगू शकणार नाही. पडापडी, उठाउठी, शिट्ट्या. पण शेवटी शेवटी आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि घड्याळात काही सेकंद उरले होते, एवढं इराने मला सांगितलं. समोरच्यांनी शेवटचा उपाय म्हणून चेंडू लांब फेकला, थेट आमच्या रेषेकडे. सगळे वर बघत पळाले. आणि चेंडू आला तो सचिनच्या हातात.

आमच्या रेषेच्या जरा पुढे तो उभा. चेंडू छातीशी. त्याने फक्त गुडघा टेकायचा होता. मॅच जिंकली असती, मोहिते हेड झाले असते, मी सुटले असते. समोरून दोन दांडगे येत होते, पण अजून लांब होते. सचिनचा गुडघा वाकला. मी पाहिला वाकलेला. हे मी कुठेही, कुणाच्याही पुढे सांगेन.

आणि तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. इतका मोठा, की इराने कानावर हात ठेवले.

"माघारी ये! सच्या, माघारी! लाईन घे!"

मोहित्यांचा आवाज. शुद्ध कऱ्हाडचा. कसला कोच अ‍ॅव्ही नि कसलं काय. दोन्ही हात स्वतःकडे ओढत, गुडघ्यात वाकून, तोंड आ वासून ओरडत होते. आणि सचिनचा वाकलेला गुडघा सरळ झाला. तो गर्रकन वळला, मागे धावला, आपल्याच रेषेपलीकडे गेला आणि सुटल्यासारखा थांबला. चढाई करून घरी परतलेला गडी थांबतो तसा. दोघा दांडग्यांनी त्याला तिथंच आडवा केला.

दोन गुण. आम्ही एका गुणाने हरलो.

क्षणभर मला कळलंच नाही काय झालं. समोरची बाजू नाचायला लागली होती. मोहिते तसेच वाकलेले, हात तसेच. मग हळूहळू सरळ झाले. शिट्टी चाचपली, गॉगल चढवला. डग जवळ आला. त्याने सहानुभूतीने विचारलं, काय झालं, तो मागे का पळाला? सचिन तोपर्यंत हेल्मेट काढून तिथं येऊन उभा राहिला होता, गालाला वाळू लागलेली. तो मोहित्यांकडे बघत होता. मला आजही वाटतं, तेव्हा मोहिते एक शब्द खरा बोलले असते ना, तर मी त्यांना जन्मभर कोच म्हटलं असतं.

त्यांनी खांदे उडवले. मग स्वच्छ अमेरिकन उच्चारात डगला सांगितलं, की हा मुलगा कबड्डी नावाचा एक गावठी खेळ खेळायचा, त्यात पळून घरी यायचं असतं. जुनी सवय. मी शंभरदा सांगितलं, अनलर्न. प्लॅन बरोबर होता.

सचिन गालावरची वाळू पुसत राहिला. माझं डोकं सणकलं. मी पुढे झाले आणि सरळ मराठीत म्हटलं, "मोहिते, तुम्ही ओरडलात. मी इथं उभी होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डगने विचारलं, बाई काय म्हणतायत? तर हसून म्हणाले, प्लेअरची वाइफ आहे, इमोशनल झालीय. मग मी तेच इंग्रजीत सांगितलं, हा माणूस त्याला परत बोलवत होता. डग गोंधळला. त्याच्या कानांनी ऐकलं होतं ते नुसतं ओरडणं, त्यात शब्द कुठले हे त्याला काय कळणार? त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, टफ लॉस. मग मोहित्यांच्या पाठीवर हात टाकून त्यांना बाजूला घेऊन गेला. तो प्लास्टिकचा फळा बघायला मागत होता.

परत येताना आम्ही टॅक्सीने आलो. शारजा येईपर्यंत सचिन खिडकीबाहेर बघत होता. मी विचारलं, तुला माहीत होतं ना रे, गुडघा टेकायचा? रोज तर म्हणत होतास.

"टेकतच होतो गं," तो म्हणाला. "पण ती हाक ऐकली आणि पाय वळले. तशी हाक मला कोल्हापूर सोडल्यापासून कुणी मारली नव्हती."

मधे बसलेली इरा म्हणाली, "बट बाबा, कोच लाइड. व्हाय डिडन्ट यू से एनीथिंग?" सचिनने तिच्या डोक्यावर हात फिरवला. त्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं होतं, पण थकलेल्या माणसाला किती छळायचं.

दुसऱ्या दिवशी वसुधावहिनी खाली आल्या. हातात डबा, त्यात सचिनला आवडतात म्हणून धपाटे. नवऱ्यातर्फे माफी मागायला आल्यात म्हणून मी तोंड फुगवूनच बसले. पण त्यांनी माफीबिफी मागितली नाही. डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मीनल, काल तो आवाज ह्यांचा नव्हताच गं. मामंजींचा होता. अंगावर काटा आला माझ्या. इतक्या वर्षांत मैदानावर पहिल्यांदा मनापासून ओरडले, आणि तेच ह्यांनी नाकारलं." डोळ्याला पदर लावला. मी चहा टाकला. त्यांच्यावर कसं रागवणार?

मोहित्यांवर मात्र मी यथेच्छ रागावले. त्यांच्या गाडीने जाणं त्याच दिवशी बंद. आम्ही जुनी का होईना स्वतःची गाडी घेतली. लिफ्टमध्ये भेटले तर मी मोबाइलमध्ये डोकं घालायची आणि ते मजल्यांचे आकडे बघायचे. लेपर्ड्स मोडली, कारण कोचच निघून गेला. हो, डगने त्यांना घेतलं. फळा आवडला म्हणे. शिवाय खेळाडूची चूक इतक्या शांतपणे सांगणारा माणूस त्यांना फार प्रोफेशनल वाटला. राजीनाम्यावर तारीख पडली, कॅपवर अक्षरं आली, आणि उन्हाळ्याच्या आत मोहिते कुटुंब शाळेने दिलेल्या व्हिलात राहायला गेलं. सामान हलवताना ट्रकवाल्याला ते फळ्यावर काढून दाखवत होते, की आधी सोफा की आधी कपाट. सोफा दारात अडकला, असं वॉचमन सांगत होता. मी खाली बघायलाही गेले नाही, आणि नंतर गेले नाही म्हणून हळहळले.

सचिन पुन्हा तो खेळ खेळला नाही. हेल्मेट बाल्कनीत आहे, त्यात मी पुदिना लावलाय. तो चांगला येतो.

त्यानंतर मोहित्यांना मी एकदाच पाहिलं. इराची कसलीशी वक्तृत्वस्पर्धा होती, नेमकी त्याच शाळेत. तिला हॉलमध्ये सोडून मी पार्किंगकडे येत होते, तर मैदानावरून आरडाओरडा आला. मोठी मॅच चालली होती. हिरवंगार गवत, झेंडे, हेल्मेट घातलेली उंचच उंच गोरी-काळी पोरं. मी जाळीला लागून उभी राहिले. उगाच, बघावं म्हणून.

मोहिते मैदानाच्या कडेला उभे होते. पोट आत ओढलेलं. कॅपवर 'हेड कोच' इतक्या मोठ्या अक्षरांत, की मला जाळीपलीकडून वाचता आलं. शेजारी एक तरुण असिस्टंट, फळा छातीशी धरून, प्रत्येक शब्दाला मान हलवणारा. फक्त एक गोष्ट वेगळी होती. शिट्टी गळ्यात नव्हती, तोंडात होती. वाजवत नव्हते, वाजवायचा अधिकार पंचाचा असतो. नुसती दातांत गच्च धरलेली.

आणि काय योग बघा, माझ्यासमोरच समोरच्यांनी चेंडू लांब फेकला आणि तो मोहित्यांच्या एका पोराच्या हातात आला, आपल्याच रेषेजवळ. पोरगं भांबावलं. टेकू का पळू? त्याने मान वळवून थेट कोचकडे पाहिलं. सगळं अंग थांबवून, नुसतं बघत राहिलं, सांगा म्हणून.

मोहित्यांचे हात वर आले, स्वतःकडे ओढल्यासारखे, गुडघे वाकले. मी जाळी घट्ट धरली. मानेची शीर न् शीर फुगलेली, चेहरा जांभळा, आणि शिट्टीवर दात असे आवळलेले, की तिच्यातून फुंकरसुद्धा बाहेर येऊ नये. आलीही नाही. सांगायचं ते तोंडातच राहिलं. पोरगं वाट बघत उभंच होतं, तेवढ्यात तिघांनी येऊन त्याला आपटलं, चेंडू निसटला, आणि समोरच्यांनी तो उचलून रेषेपलीकडे नेला.

पोरगं उठून लंगडत कडेला आलं. हेल्मेट काढून मोहित्यांसमोर उभं राहिलं. काहीतरी विचारत होतं. मोहिते त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिले. मग त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, रुमालाने पुसली, असिस्टंटकडे वळले आणि त्याला काहीतरी सांगितलं. छोटंसंच वाक्य होतं. असिस्टंटने मान हलवली.

जाळीपलीकडे मला काहीच ऐकू आलं नाही. यायची गरजही नव्हती.